पोस्ट नंबर चारची पाणपोई

पोस्ट नंबर चार नदीवरच्या पुलापासून आठशे मीटरवर होती. एका सेक्शनची पोस्ट. मी धरून अकरा जण, दोन एलएमजी म्हणजे हलक्या मशीनगन, एक गाडी, एक रेडिओ सेट, पाण्याची एक बोअर. देशाचं नाव लिहीत नाही. नोकरीत सही केलेल्या कागदांची मुदत अजून संपलेली नाही. खंड आफ्रिका, एवढं पुरे. तिथं सरकारी फौज आणि डोंगरवाले बंडखोर यांचं भांडण आमच्या जन्माआधीपासून चालू होतं. आम्ही निळं हेल्मेट घालून मधे उभे. कोणाच्याच बाजूचे नाही. जाताना आम्हाला तसंच सांगितलं होतं.

मी तेव्हा नायक होतो, पोस्ट कमांडर. गाव चांदूर बाजार. आता गुडघ्यात लोखंड आहे. मेडिकल बोर्डानं घरी पाठवलं. वय एकोणतीस. परतवाड्याच्या बसस्टँडवर आणि अमरावतीच्या राजापेठेत क्लासेस सुटायच्या वेळेला जो लंगडत पत्रकं वाटतो, तो मीच. शीर्षक, ‘युद्ध कोणाचं? मरायचं कोणी?’ काही लोकांनी ते वाचलं. काहींनी त्यात कचोरी बांधून नेली. चालतं.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या महिन्यात अमरावतीत एक सभा ठरली. मागणी अशी की त्या देशात आपली नुसती तुकडी नको, पूर्ण फौज पाठवा, सरकारी बाजूनं उघड उतरा, आपल्या जवानाचा बदला घ्या. जवान म्हणजे सिपाही आशिष तायडे. माझ्या पोस्टवर, माझ्या हाताखाली गेलेला. स्टेजवर त्याचे वडील बसणार असं फ्लेक्सवर छापून आलं. मी अकोला जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी गेलो. म्हणालो, काका, रविवारी त्या स्टेजवर जाऊ नका.

तायडे काका एसटीच्या अकोला डेपोत मेकॅनिक होते. ते म्हणाले, “जायचं का नाई ते मी ठरवीन. तू आधी सांग, पोरगं गेलं कसं. कागदावरचं नको सांगू. कागद माह्याजवळ हाये.”

मी सांगितलं. सांगताना एक गोष्ट गाळली. इथं गाळत नाही.

पोस्टचा दिवस ०५१५ ला स्टँड-टूने सुरू व्हायचा. सगळे आपापल्या मोर्च्यात, हत्यार तयार, उजाडेपर्यंत नजर समोर. ०६०० ला चहा. ०७०० ला पुलापर्यंत पायी पेट्रोल, ०९०० ला परत. मग हत्यारांची सफाई, वाळूची पोती दुरुस्त करणं, तासातासाला रेडिओ चेक. दुपारी काहीच नाही. फक्त ऊन. आशिष म्हणायचा, “आपल्या अकोल्याचं मे महिन्याचं ऊन इथं फॉरेन पोस्टिंगवर आलं हाये.”

नदी होती, पण तिच्यात काय काय वाहून यायचं ते लिहीत नाही. गावातली विहीर कोणीतरी मुद्दाम बुजवली होती. बाया पोरांना घेऊन तीन-तीन तास चालायच्या. आमच्या बोअरला मात्र गोडं पाणी. आशिष रोज सकाळी त्यातला एक घोट आधी जिभेवर धरायचा, मग गिळायचा. त्याचं गाव खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या जमिनीतलं पाणी खारट. त्या भागातला माणूस आधी पाणी चाखतो, मग पितो. कंपनीतले उत्तरेकडचे जवान त्याला म्हणायचे, “तायडे, ये पानी है, दारू नहीं.”

एका सकाळी चहाच्या वेळी तो माझ्यासमोर उभा राहिला. फौजेत शिपाई नायकाला उस्ताद म्हणतात.

“उस्ताद, आज चौदा एप्रिल.”

“माईत हाये. मंग?”

“घरी बाबानं आज फाट्यावर पाणपोई मांडली असन. दर जयंतीले मांडते. इथं गेटाबाहेर मांडू का?”

“पोस्टबाहेर? लेका, माहं कोर्ट मार्शल करतं काय?”

“तुमी मेजर साहेबाले विचारा तं खरं. अन् जरा डोकं लावून विचारा, अमरावतीवाल्यासारखं नाई.”

मी विचारलं. कंपनी कमांडर मेजर साहेबांना कल्पना आवडली. वरच्या रिपोर्टात घालता येण्यासारखी होती. एक फोटो पाठवा म्हणाले.

गेटापासून चाळीस मीटरवर चार बल्ल्या ठोकल्या, वर ताडपत्री. बोअरचा पाइप तिथपर्यंत नेला. दोनशे लिटरचे दोन ड्रम, भोवती ओली पोती, खाली नळ, साखळीला बांधलेले सहा स्टीलचे ग्लास. मी म्हटलं, एक माणूस ओतायला उभा करू, नाहीतर गोंधळ होईल. आशिष नाही म्हणाला. फार कमी वेळा तो मला सरळ नाही म्हणायचा.

“ओतायचं नाई, उस्ताद. माह्या आज्याले वरून ओतायचे. ओंजळ धरून खाली बसाव लागे. भांडं शिवू नाई म्हणून. कोणाची मर्जी झाली तं पाणी, नाई तं उन्हात बसा. म्हणून आमच्या पाणपोईत ओतणारा माणूसच नसते. ज्याचं त्यानं घ्याचं, आपल्या हातानं. कोण हाये ते विचारायचं नाई.”

दुसरा नियम त्यानं सांगितला तो असा. एकदा मांडली की मृग लागेपर्यंत पाणपोई मोडायची नाही. एक दिवससुद्धा. कोणी मेलं तरी शेजाऱ्यानं ड्रम भरायचे.

“आफ्रिकेत मृग कधी लागते बे?” मी विचारलं.

“गावाकडून फोन येईन ना.”

पाच आठवडे ती चालली. बाया यायच्या, पोरं यायची, गुराखी यायचे. डोंगरवालेही यायचे. बंदूक लांब झाडाखाली ठेवून, रिकाम्या हातानं. आमचा दुभाष्या गावातला शाळामास्तर होता. तो हळूच सांगायचा, तो बघा, खांद्यावर पट्ट्याचा वळ आहे. सरकारी फौजेचे सुटीवरचे शिपाई पण यायचे, तेही रिकाम्या हातानं. दोघं एकाच ताडपत्रीखाली उभे राहून पाणी प्यायचे आणि एकमेकांकडे न बघता जायचे. त्या पाच आठवड्यांत आमच्या पोस्टच्या आसपास एक गोळी उडाली नाही.

मग ऑर्डर आली. मेजर साहेबांनी सगळ्या पोस्ट कमांडरांना कंपनी बेसवर बोलावलं आणि वाचून दाखवली. जुन्याच ऑर्डरमध्ये एक नवा पॅरा होता. आजपासून आपण सरकारी फौजेच्या सपोर्टमध्ये.

मी उभा राहिलो. “सर, सपोर्ट मतलब?”

“मतलब वो फँसे तो फायर देना है.”

“अब तक तो हम बीच में थे, सर.”

“अब तक थे. बैठ जाओ.”

मी बसलो. शिपाई बसतो. पण आता मी शिपाई नाही, म्हणून इथं उभा राहून बोलतो. आपल्याकडे लेआउटमधून एक नाली काढायची तर नगरपालिका नोटीस लावते, लोकांच्या हरकती मागवते. इथं एक देश दुसऱ्याच्या युद्धात उतरला, एका पॅरामध्ये, आणि हरकत घ्यायला कुठं खिडकीच नव्हती. ज्या दिवशी मेजर साहेबांनी तो पॅरा वाचला, त्या दिवशी राजापेठेत क्लासच्या बॅचेस वेळेवर भरल्या असतील. चांदूर बाजारला भाजीचा लिलाव झाला असेल. लोकांची काही चूक नाही. त्यांना कोणी सांगितलंच नाही. माझ्या आईला वाटत होतं पोरगा शांतता राखायला गेला आहे. मला स्वतःला ती ऑर्डर ऐकेपर्यंत तेच वाटत होतं.

दोन दिवसांनी सरकारी फौजेची एक प्लाटून पुलाजवळ येऊन बसली. त्यांच्याकडे एक पिकअप होती, मागे मशीनगन बसवलेली. ती रोज आमच्या पाणपोईवर यायला लागली. बंदुका गळ्यात, पाण्याचे कॅन हातात. गाडीच्या रेडिएटरमध्ये पाणी टाकायचे, गनवर टाकायचे. बाया बाजूला सरकून उभ्या राहायच्या. डोंगरवाले यायचे बंद झाले.

चौथ्या दिवशी १६०० ला मास्तर आला. घामानं भिजलेला. म्हणाला, डोंगरावरून निरोप आहे. तुमच्या पाण्यावर बंदुका पाणी पितात. बंदुका हलवा किंवा पाणी हलवा. उद्याचा दिवस आम्ही थांबणार नाही.

मी रेडिओवर कळवलं. १७१० ला आमचे प्लाटून कमांडर सुभेदार साहेब स्वतः आले. पहाडी माणूस, सत्तावीस वर्षं नोकरी, आवाज कधी चढत नसे. सगळं ऐकून म्हणाले, “एक आदमी खड़ा करो. जो सिविल है, उसको पिलाओ. वर्दी वाले को मना कर दो.”

आशिष बाजूला उभा होता. विचारलं नसताना बोलला. “नहीं होगा, साहब.”

“क्यों?”

“हमारे में छाँट के पानी नहीं देते, साहब.”

सुभेदार साहेब रागावले नाहीत. मग माझ्याकडे वळले. “तो फिर बंद करो. कल सुबह दस बजे तक वहाँ एक ग्लास भी नहीं दिखना चाहिए. नायक, ये तेरे को ऑर्डर है.”

“जी साहब,” मी म्हणालो.

ही ती गाळलेली गोष्ट. ऑर्डर होती. स्पष्ट होती. मला होती.

दुसरा दिवस बाजाराचा होता. नदीपलीकडच्या तीन गावांतल्या बाया आमच्या समोरच्या रस्त्यानं बाजाराला जायच्या. ०९३० ला मी दोन जवान आणि आशिषला घेऊन गेटाबाहेर गेलो. एका जवानानं ताडपत्रीची दोरी सोडायला घेतली.

“उस्ताद, बाजार हाये आज,” आशिष म्हणाला.

“ऑर्डर हाये.”

“हाये तं. पण बाया उजाडताच घरून निंगाल्या असतीन. इथं पाणी हाये म्हणून कोणी सोबत घेतलं नसन. त्या घंट्याभरात येतीन अन् आपण ड्रम उचलून राहिलो. बारापर्यंत ठेवा. बाराले मीच उचलतो, एकटा.”

“अन् पिकअप आली तं?”

“आली तं मी सांगतो त्याईले गाडी दूर लावाले.” मग म्हणाला, “मृगाच्या आधी मोडून राहिलो, उस्ताद. आमच्या घरी असं कधी झालं नाई. दोन घंटे तं द्या.”

मी घड्याळ बघितलं. ०९४०. चांदूरच्या बाजाराला जाताना माझी आई डोक्यावर पाटी तशीच ठेवून, एका हातानं ग्लास धरून पाणी प्यायची, ते का कोण जाणे तेव्हा आठवलं.

“बारा,” मी म्हणालो. “एक मिनिट वर नाई.”

“हाव.”

१००० ला रेडिओ वाजला. सुभेदार साहेब होते; रेडिओवर आमच्या पोस्टचं नाव डेल्टा फोर. “डेल्टा फोर, पानी वाला काम? ओव्हर.”

“डेल्टा फोर. हो रहा है साहब. ओव्हर.”

मी खोटं बोललो. रेडिओवर, ड्यूटीवर.

१०३० पासून बाया यायला लागल्या. ११०० ला ताडपत्रीखाली आणि आसपास पंचवीस-तीस जणी होत्या, कडेवर पोरं. ११०५ ला पिकअप आली. चार शिपाई. ड्रायव्हरनं गाडी थेट ड्रमला चिकटवून उभी केली. मी मोर्च्यातून ओरडलो, “तायडे, गाडी हटव!” तो हात हलवून निघाला. चालतच गेला. पळत गेला असता तर बाया घाबरल्या असत्या.

तो ड्रायव्हरशी हातवारे करून बोलत होता. १११२ ला पूर्वेच्या झाडीतून पहिला बर्स्ट आला. पिकअपच्या बॉनेटवर. डोंगरवाल्यांचा नेम गाडीवर होता, हे मी शपथेवर सांगतो. पण गाडी बायांच्या मधोमध होती. गाडीवरच्या गननं तिथूनच उलट फायर सुरू केला.

“डेल्टा फोर, कॉन्टॅक्ट. ईस्ट ट्री लाइन. बीच में सिव्हिलियन हैं. ओव्हर.”

“पोस्ट पे फायर आ रहा है? ओव्हर.”

“नहीं. गाडी पे. ओव्हर.”

“वेट.”

आशिषनं दोन पोरं काखेत घेतली होती आणि एका बाईला पुढे ढकलत गेटाकडे आणत होता. गेट उघडून मी तिघांना आत घेतलं. तो परत गेला. दुसऱ्या खेपेला चार. तिसऱ्या खेपेला दोन म्हाताऱ्या, एकीला उचलून. काही बाया आपणच पळत आल्या. पोस्टवर अजून एकही गोळी आली नव्हती.

१११९. “डेल्टा फोर, सपोर्ट दो. आय से अगेन, गव्हर्नमेंट फोर्स को सपोर्ट दो. ओव्हर.”

“साहब, हम फायर देंगे तो पोस्ट पे आएगा. अभी सिव्हिलियन बाहर हैं. ओव्हर.”

“ऑर्डर है. सपोर्ट दो. आउट.”

आदल्या दिवशीची ऑर्डर मी मोडली होती. ही मी पाळली. दोन्ही एलएमजी झाडीवर चालवल्या. त्या क्षणापासून झाडीतल्या माणसांसाठी पिकअप, पाणपोई आणि पोस्ट हे तीन वेगळे राहिले नाहीत. ११२४ ला पहिलं रॉकेट आमच्या भिंतीवर फुटलं. माझा गुडघा गेला तो तेव्हा.

आशिष चौथ्या खेपेला एकीला घेऊन आला होता. गेटात मला पडलेला बघून थांबला.

“आत ये बे,” मी म्हणालो.

“तिघी हायेत अजून. ड्रममांगं.”

तो गेला. दोघींना घेऊन आला. तिसरीसाठी परत गेला. ११३१ ला ड्रमपासून दहा पावलांवर त्याला गोळी लागली. बाई त्याच्या हातात होती. ती रांगत आली. पिकअप तोवर जळत होती. झाडीतून फायर थांबला, कारण त्यांचं काम झालं होतं. दोघा जवानांनी आशिषला ओढत आत आणलं.

हेलिकॉप्टर ११३४ ला मागितलं. आलं १३१० ला. पट्टी मी बांधली. जखम पोटात होती. दोन्ही ड्रम चाळणी झाले होते आणि पाणी उतारानं गेटाखालून आत येत होतं.

“उस्ताद,” तो म्हणाला. “बारा वाजले काय?”

मी बघितलं. बाराला दहा कमी होते.

“नाई.”

“मंग राहू द्या.”

१२२५ ला तो गेला. मी वेळ लिहून घेतली.

बेसच्या हॉस्पिटलमध्ये सुभेदार साहेब मला भेटायला आले. स्टूलवर बसले. म्हणाले, “मैंने दस बजे का बोला था. इन्क्वायरी में मैंने नहीं लिखाया. तू भी मत लिखाना. तेरी पेन्शन जाएगी, लड़का वापस नहीं आएगा.” मी नाही लिहिलं. त्यांचं नाव इथंही लिहीत नाही. भला माणूस आहे. म्हणून काकांजवळच्या कागदावर ती ऑर्डर नाही. माझ्या पत्रकातही नव्हती. पत्रकात तो पॅरा होता, सरकार होतं, ‘सपोर्ट’ होता. सगळं खरं. पण अर्धं.

सभेची तयारी करणाऱ्यांत राजापेठेतल्या भरती अकॅडमीचे एक सर आहेत, निवृत्त सुभेदार मेजर. पत्रक वाटताना त्यांनी मला भर रस्त्यात अडवलं. पोरं भोवती जमली.

“तू तिथं नसता तं त्या बाया मेल्या असत्या का नाई?”

“मेल्या असत्या, सर.”

“मंग जायले नको होतं, असं काहून छापून राहिला?”

“जायले नको असं कुठं छापलं? मधे उभं राहाले गेलो होतो आमी. एका बाजूनं उभं राहा, हे कोणी ठरवलं? कोणाले विचारलं?”

“युद्धात विचारत नसतात, बाबू.”

“विचारत नसतीन तं बदला तरी कोणाच्या नावानं मागून राहिले? आशिषले विचारलं काय?”

पोरं हसली. सर हसले नाहीत. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “गुडघा सांभाळ.” आमची मतं जुळणार नाहीत. पण त्यांच्या पहिल्या प्रश्नानं मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आम्ही नसतो तर बाया मेल्या असत्या. आम्ही एका बाजूचे झालो म्हणून गोळीबार झाला. या दोन्ही गोष्टी एकाच पोस्टवर, एकाच सकाळी खऱ्या होत्या. पत्रकात एवढी जागा नसते.

हे सगळं मी तायडे काकांना सांगितलं, दहाची ऑर्डर सोडून. आम्ही त्यांच्याच पाणपोईत बसलो होतो, गावच्या फाट्यावर. तीन रांजण, गोणपाट, वर तुराट्यांचं छप्पर. ओतणारा कोणी नाही. मधेच एक ऑटो थांबला, दोघं उतरले, पाणी प्यायले, गेले.

काका सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, “मी तीस वर्षं गाड्या खोलल्या. तू सांगतो त्यात एक नट कमी हाये.”

“कोणता, काका?”

“आदल्या दिवशी निरोप आला म्हणतं. साहेब स्वतः आले म्हणतं. मंग दुसऱ्या दिवशी बाजाराच्या टायमाले पाणपोई चालूच काहून होती? साहेबानं बंद करा म्हटलं नाई?”

“म्हटलं होतं.”

“कोणाले?”

“मले. दहा वाजेपर्यंत.”

“मंग?”

“आशिष म्हणाला, बारापर्यंत ठेवा. मी हाव म्हटलं.”

ते उठले. नळ घट्ट आहे का बघितलं. ग्लासात थोडं पाणी घेतलं, जिभेवर धरलं, गिळलं. पाठ माझ्याकडेच होती. मला वाटलं आता हाकलतील. हाकललं असतं तर बरं वाटलं असतं.

“तुह्या पत्रकात हे हाये?”

“नाई.”

“दाखव.”

मी एक काढून दिलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. पाठीमागचं छापखान्याचं नावसुद्धा वाचलं.

“यात सरकार चुकलं. वरचे साहेब चुकले. तो पॅरा चुकला. तू नाई चुकला.”

मी पत्रक परत घेतलं.

“मृगापर्यंत मोडायची नाई, हे त्याले मी शिकोलं,” काका म्हणाले. “तू दहाले मोडाले गेला असता तं त्यानं तुले मोडू दिलं नसतं. मले माईत हाये. माह्यावर गेला होता तो.” चष्मा काढून खिशात ठेवला. “सभेले मी जात नाई. जे बदला मागून राहिले, त्याईले तो कसा मेला तेच माईत नाई. अन् तुह्यासंग पत्रकं वाटालेबी येत नाई. तुले माईत होतं अन् तू लपोलं.”

“काका—”

“हे वाक्य छाप. ऑर्डर होती, मले होती, मी मोडली. एवढं छाप. मंग वर सरकारले जे विचारायचं ते विचार, मी तुह्या बाजूले उभा हाये. स्वतःची चूक लपोणारा माणूस दुसऱ्याले कोणत्या तोंडानं विचारीन?”

रविवारी मी राजापेठेत सभेच्या हॉलसमोर होतो, रिकाम्या हातानं. पत्रकं नेली नव्हती. दारातून स्टेज दिसत होतं. मधल्या खुर्चीवर ‘वीरपिता’ असा कागद चिकटवलेला होता. खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. भाषणं झाली. आशिषच्या फोटोला हार घातला. चारदा बदला म्हणाले. पाणपोई एकदाही म्हणाले नाहीत. त्यांना माहीतच नव्हती.

सोमवारी अकोल्याला छापखान्यात गेलो. नवीन मजकूर दिला. अक्षरं जुळवणाऱ्यानं वाचून वर बघितलं. “भाऊ, हे वाक्य ठेवायचं हाये? लोक तुमालेच धरतीन ना.” ठेवायचं आहे, म्हणालो. ते पहिलं वाक्य आहे. त्याच्याखाली प्रश्न तोच आहे. आमचा देश त्या युद्धात उतरला तेव्हा कोणाला विचारलं होतं? तुम्हाला विचारलं होतं का? कोणी आता माझ्या पेन्शनला हात लावला तर लावो. पण नंतर या प्रश्नाचंही उत्तर द्यावं.

गठ्ठा घेऊन फाट्यावर गेलो. काकांनी एक पत्रक वाचलं, घडी केली, बाकीची रांजणाशेजारच्या बाकावर ठेवली, वर दगड. त्यांनीही वाटली नाहीत. ज्याला पाहिजे त्यानं आपल्या हातानं घ्यावं.

कोणीतरी त्यांना पाणपोईवर शहीद जवान आशिष तायडे अशी पाटी लावायला सांगत होतं. ते म्हणाले, “पाण्यावर नाव टाकलं का पेणारा आधी नाव वाचते. नको.”

म्हणून नाव इथं लिहितो. सिपाही आशिष तायडे. वय चोवीस. गाव खारपाणपट्ट्यात, अकोला जिल्हा. पाच खेपांत बारा जणांना आत आणलं. तेरावी त्याच्या हातून सुटल्यावर रांगत आली, ती वाचली. त्याला गोळी लागली तेव्हा ११३१ वाजले होते. बाराला एकोणतीस मिनिटं बाकी होती. ती मिनिटं मी दिली होती.

मृग लागेपर्यंत दर रविवारी फाट्यावरचे रांजण मी भरतो. आधी चाखतो, मग भरतो.